ठाणेकर उषाकाकू

उषाकाकूंना कुणी नव्या माणसानं "तुमची मुलं काय करतात?" असं विचारलं की आम्हा अमेरिकेतल्या चँडलरच्या मराठी मंडळींना हसू दाबावं लागतं. कारण काकू शांतपणे सांगतात, "मुलगी मॅसॅच्युसेट्सला शाळेत बँड शिकवते. बाकीची सरहद्दीवर असतात."

"म्हणजे आर्मीत?"

"हो. पायदळात."

"अरे वा. मग सुट्टीवर कधी येतात?"

"आता कुठली येतात," काकू म्हणतात आणि ताटातल्या कोशिंबिरीकडं वळतात. "अठराशे वर्षं होऊन गेली."

ही मुलं म्हणजे रोमन सैनिक. इंग्लंडच्या पार उत्तरेला, जिथं रोमन साम्राज्याची हद्द संपायची, तिथं एका उघड्याबोडक्या टेकाडावर त्यांचं एक छोटंसं लष्करी ठाणं होतं. आता तिथं गवत, मेंढ्या आणि गुडघाभर उंचीच्या भिंती उरल्या आहेत. दर उन्हाळ्यात तिथं उत्खनन चालतं आणि दर उन्हाळ्यात उषाकाकू आपली थापी घेऊन तिथली माती खरवडायला जातात. थापी गवंड्याची असते तीच, फक्त लहान. ठाण्याचं नाव मी इथं मुद्दाम देत नाही. तिथं गर्दी झालेली काकूंना आवडणार नाही.

त्या स्वतःही कधी नाव घेत नाहीत. नुसतं 'ठाणं' म्हणतात. यावरून एकदा फार घोटाळा झाला. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'उद्या ठाण्याला निघतेय. दीड महिना नाही.' अर्ध्या तासात लोकांची रांग लागली. एकीच्या सासूबाई घोडबंदर रोडला राहत होत्या, त्यांना व्हिटॅमिनच्या गोळ्या पाठवायच्या होत्या. दुसऱ्याला येताना कडबोळी हवी होती. काकूंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं: 'नेईन, पण तिथं घ्यायला कुणी नाही. मेंढ्या आहेत.' तेव्हापासून त्यांचं नाव ठाणेकर काकू पडलं. त्या मूळच्या नागपूरच्या आणि त्यांचं खरं आडनाव आता मंडळात कुणाला आठवतही नाही.

पासष्टी ओलांडलेल्या, सडपातळ, केस बारीक कापलेले, कुर्त्याखाली कायम भक्कम बूट. इथल्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्या इंजिनिअर होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी क्लीन रूममध्ये काढली. तिथं धुळीचा एक कण आत आला तरी माल वाया जातो, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून वावरावं लागतं. अशी बाई सुट्टी मिळाली की थेट चिखलात जाऊन बसायची. मी एकदा त्यांना हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दोन्हीकडं काम एकच आहे बाप्पा. थर मोजायचे आणि हात हलवायचा नाही."

हे वेड लागलं कसं, ते त्या अगदी थोडक्यात सांगतात. कंपनीच्या कामासाठी तिकडच्या एका कारखान्यात गेल्या होत्या. शनिवार मोकळा मिळाला. हॉटेलातल्या मुलीनं सांगितलं, जवळ एक जुना किल्ला आहे, बस जाते. काकू गेल्या. पाऊस होता, चिटपाखरू नव्हतं. एक बाई तेवढी खड्ड्यात गुडघे टेकून बसलेली. काकूंनी विचारलं, काय करताय? ती म्हणाली, गटार साफ करतेय. रोमन लोकांचं. हात लावताय का?

"मग?" मी विचारलं.

"मग काय. उतरले."

ती बाई म्हणजे मॉरीन, उत्खननाची प्रमुख. तेव्हापासून एकही उन्हाळा चुकला नव्हता. काकूंचे यजमान अनंतकाका होते तोवर ते त्या ठाण्याला 'उषाचं दुसरं सासर' म्हणायचे. "पहिल्या सासरी जाताना इतकी खूश नसते," असंही म्हणायचे. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली.

आम्ही शेजारचं घर घेतलं त्या दिवशी मी मागच्या अंगणात उभी राहून कुठं काय लावावं याचा विचार करत होते. भिंतीवरून एक डोकं वर आलं. "नवीन का? पाणी कुठून जातं तुमचं?" नमस्कार नाही, नाव नाही. मी म्हटलं, पाणी म्हणजे? "सांडपाणी, पावसाचं पाणी. घर घेताना नाली बघितली नाहीस?" मग त्यांनीच फिरून मला माझ्या अंगणाचा उतार दाखवला आणि कंत्राटदारानं तो चुकीचा काढलाय हेही सांगितलं. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं, पाठोपाठ धो धो पाणी पडलं आणि आमच्या गॅरेजमध्ये तळं झालं. काकू बादली घेऊन हजर झाल्या. 'मी सांगितलं होतं' असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही आणि नंतरही कधी म्हटलं नाही. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले.

त्यांच्या स्वतःच्या अंगणात ना गुलाब, ना लिंबाचं झाड. तिथं खडीवर गोल दगड मांडून त्यांनी ठाण्यातली एक खोली आखून ठेवली आहे. खऱ्या मापाची. पुढच्या भागात हत्यारं आणि सामान, मागच्या भागात झोपायचं, कोपऱ्यात चूल. "अशा एका खोलीत आठ जण राहायचे," त्या सांगतात. एका रविवारी त्यांच्याकडं वांग्याच्या भाजीचं जेवण होतं. जेवणाआधी त्यांनी माझा नवरा निखिल आणि त्याचे ऑफिसातले मित्र, अशा सगळ्या पुरुषांना त्या दगडांच्या आत उभं केलं. आठ धरून आणले होते. पोटं सुटलेली, हातात लिंबूपाणी.

"आता झोपा," काकू म्हणाल्या.

खडी तापलेली होती, त्यामुळं कुणी झोपलं नाही, पण निखिल म्हणाला, "काकू, अमेरिकेत आल्यावर पिस्कॅटवेला पहिल्या वर्षी आम्ही असेच राहायचो. फक्त भाल्यांच्या जागी राइस कुकर होते."

मला वाटलं, काकूंना हे थट्टेचं वाटेल. पण त्यांचे डोळे चमकले. त्यांनी खुर्ची ओढली आणि चौकशी सुरू केली. स्वयंपाक कोण करायचं? बाहेर कपडे कुठं वाळायचे? भांडण कशावरून व्हायचं?

"दुधावरून," निखिल म्हणाला. "कोण संपवतं आणि कोण आणतं यावरून."

"बरोबर. तिथंही तेच झालं असणार," काकू म्हणाल्या. "घरची पत्रं यायची का?"

"पत्रं कुठली, काकू. फोन कार्ड होतं. रविवारी आळीपाळीनं."

"आणि मग बाकीचे काय करायचे? एक जण बोलत असताना?"

निखिलनं लिंबूपाण्याचा ग्लास खाली ठेवला. "ऐकायचे," तो म्हणाला. "ऐकत नाहीये असं दाखवत ऐकायचे."

त्याच जेवणात नेहमीप्रमाणं विषय ग्रीन कार्डावर गेला. आमच्यापैकी निम्म्यांची रांग अजून हललेली नव्हती. एक जण तर अगदी रडकुंडीला आला होता. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "आमच्या मुलांची पंचवीस वर्षं असायची. पंचवीस वर्षं साम्राज्याची चाकरी केली की नागरिकत्व. काशाच्या पत्र्यावर कोरून मिळायचं."

मग तो रडकुंडीला आलेला म्हणाला, "काकू, पंचवीस वर्षांनी नक्की मिळायचं?"

"जिवंत राहिलास तर नक्की."

"मग यार, बरंच आहे की," तो म्हणाला, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसला.

काकूंचं हे असं असतं. हसवतात, पण त्यांना स्वतःला त्यात गंमत वाटत नाही. त्यांच्या लेखी ती मुलं निखिलइतकीच खरी. तिथं सापडलेल्या एका कोरलेल्या दगडावरून कळतं म्हणे, की त्या ठाण्यावरची एक तुकडी सीरियाकडून आणलेली होती. वाळवंटातली माणसं, आणि नेमणूक कुठं, तर जिथं जुलैतही शेकोटी लागते तिथं. "नागपूरच्या माणसाला अलास्काला पाठवल्यासारखं आहे ते," काकू म्हणतात. "तुला सांगते, पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या हातापायांना भेगा पडल्या असतील आणि कुणाला काय लावायचं ते माहीत नसेल." हे बोलताना त्या नकळत स्वतःचे हात चोळतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लंडनला गेलो होतो. काकू तेव्हा ठाण्यावरच होत्या, म्हणून वाट वाकडी करून आम्ही तिथं गेलो. खरं सांगते, पाहून माझा चेहरा पडला. आपल्याकडं शेताचा बांध याहून उंच असतो. चार रेघा दगडांच्या, मधे गवत, वर राखाडी आभाळ आणि सगळीकडून झोंबणारा वारा. निखिल हळूच म्हणाला, "हे बघायला तीनशे मैल ड्राइव्ह केलं?"

मग काकू चिखलानं माखलेल्या खड्ड्यातून वर आल्या, आणि पुढचा तासभर आम्ही त्यांच्या मागून फिरत होतो. इथं वेस. उंबऱ्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पाडलेली चाकोरी बघ, बोट घाल. इथं धान्याचं कोठार. जमीन मुद्दाम उचललेली, म्हणजे खालून वारा खेळतो आणि धान्याला ओल लागत नाही. इथं भट्टी. हा दगड बघ, सगळीकडून सरळ आणि एका बाजूनं खोलगट. इथं पहारेकरी उभ्या उभ्या सुरी घासत असणार. असणार असं म्हणायचं, होता असं नाही म्हणायचं, आपल्याला माहीत नाही. मोठ्या किल्ल्यात राजा दिसतो, काकू म्हणाल्या, इथं माणसं दिसतात. निखिल त्या खोलगट दगडावरून कितीतरी वेळ हात फिरवत होता. तिथले कॉलेजातले विद्यार्थी त्यांना 'ऊषा' म्हणत होते आणि काही सापडलं की मॉरीनच्या आधी त्यांना हाक मारत होते, हेही मी पाहून घेतलं. एका मुलीला त्या सांगत होत्या, "खरवडू नको. साय काढतात तशी काढ." त्या इंग्रज पोरीला साय काय ते कुठून कळणार, पण काकूंचा हात बघून तिला बरोबर कळलं.

त्याच वर्षी दिवाळीत आमच्या मंडळानं किल्ल्यांची स्पर्धा ठेवली. मुलांच्या गटात सगळे डोंगरी किल्ले, बुरूज, हळीव पेरलेलं, शिखरावर महाराज. खुल्या गटात काकूंनी नाव दिलं. त्यांनी काय केलं असणार ते सांगायला नकोच. पत्त्याच्या पानासारखा लांबट चौकोन, कोपरे गोल, भोवती खंदक, चार वेशी, आत ओळीनं खोल्या. सगळं सपाट.

मंडळाचे अध्यक्ष प्रसाद प्रेक्षकांसमोर जरा अडचणीत सापडले. "काकू, किल्ला छान आहे, पण डोंगर नाही."

"तिकडं एवढाच होता."

"आणि महाराज कुठं ठेवायचे?"

काकूंनी ठाण्याकडं पाहिलं, खरोखरच विचार केला आणि म्हणाल्या, "महाराजांनी या ठाण्याकडं बघितलं असतं, उत्तरेच्या वेशीची जागा चुकलीय हे ओळखलं असतं आणि एका रात्रीत घेतलं असतं. म्हणून बाहेर ठेवा. त्या टेकडीवर. तिथून सगळं दिसतं."

टाळ्या थांबेनात. प्रसादनं स्वतःच्या हातानं महाराजांना बाहेरच्या टेकडीवर बसवलं. उत्तेजनार्थ बक्षीस काकूंना मिळालं. शाल होती. ती त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात ठाण्यावर नेली आणि मॉरीनला देऊन टाकली.

या वर्षी मात्र गुडघ्यानं दगा दिला. इतकी वर्षं ओल्या मातीत टेकलेला उजवा गुडघा एप्रिलमध्ये असा सुजला की पायरी चढवेना. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. काकूंनी त्यांना सुचवलं, सप्टेंबरमध्ये करू, माझा सीझन संपला की. डॉक्टर म्हणाले, सप्टेंबरपर्यंत तुम्ही माझ्याकडं चालत येऊ शकणार नाही. जूनमधली तारीख ठरली. ठाणं कॅन्सल केलं. मॉरीनला तसं कळवल्यावर काकू दोन दिवस घराबाहेर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून दिसल्या, पण त्यांनी माझ्या अंगणाबद्दल एक शब्दही काढला नाही, तेव्हा मला काळजी वाटली.

ऑपरेशनला मुलगी आली. गार्गी. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत राहते, तिथल्या शाळेत बँड शिकवते, शाळांना सुट्टी लागली आणि ती आली. उंच, मोकळी, खणखणीत आवाजाची बाई. मी तिला यापूर्वी एक-दोनदाच ओझरतं भेटले होते. ती आईला 'काकू' म्हणते हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"काकू, चहा टाकू का तुला?"

"टाक. तुला त्रास नसेल तर."

"नो, नो, काहीच त्रास नाही."

"थँक यू."

मायलेकी एकमेकींशी अशा बोलायच्या. घरात दोन पाहुण्या राहत असल्यासारख्या. भांडण नाही, धुसफूस नाही, आवाज चढवणं नाही. गार्गी औषधं वेळेवर द्यायची, काकू वेळेवर घ्यायच्या आणि दोघीही आभार मानायच्या.

गार्गी दुकानात गेली असताना मी काकूंना विचारलं, "ती तुम्हाला काकू का म्हणते?"

काकू हसल्या. "अगं, मी इकडं शिकायला आले तेव्हा ती दोन वर्षांची होती. यांची इथं नवी नोकरी, माझं मास्टर्स, दोघांचा व्हिसा आज आहे उद्या नाही. तिला नागपूरला सासूबाईंजवळ ठेवली. एकत्र घर, जावांची पाच-सहा पोरं. ती सगळी माझ्या फोटोकडं बोट दाखवून म्हणायची, ही काकू. मग हीपण म्हणायला लागली. एक वर्ष म्हणता म्हणता तीन झाली. पाच वर्षांची झाल्यावर आणली. विमानतळावर यांना बिलगली आणि मला म्हणाली, नमस्कार काकू." त्यांनी पायावरची चादर सरळ केली. "चांगलं वळण लावलं होतं सासूबाईंनी."

"तुम्ही बदलायला सांगितलं नाही?"

"सांगितलं. दोन-चार दिवस आई म्हणायची, मग विसरायची. मग मी म्हटलं, राहू दे. कशाला पोरीला छळायचं." आणि त्यांनी लगेच विचारलं, "तुझ्या गॅरेजमध्ये आता पाणी येतं का?"

ऑपरेशनला दोनेक आठवडे झाले असतील. मी सकाळी ऑफिसला जाण्याआधी पोहे घेऊन त्यांच्याकडं गेले होते. तेवढ्यात मॉरीनचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं दुपार होती. पाऊस पडत होता, मॉरीनच्या टोपीवरून पाणी निथळत होतं आणि मागं सगळी पोरं गोळा झालेली दिसत होती. ती म्हणाली, ऊषा, तुझ्याच खंदकात सापडलंय, तू गेल्या वर्षी जिथं थांबलीस तिथून हातभर पुढं. तुला दाखवल्याशिवाय आत न्यायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय.

तिनं फोन खाली वळवला. एका ट्रेमध्ये ओल्या मातीवर काहीतरी काळपट, चपटं पडलं होतं. आधी मला ते वाळकं पान वाटलं. मग टाच दिसली. कातड्याचा बूट होता तो. माझ्या तळहाताएवढा.

काकू पुढं झुकल्या. गुडघ्याचंही भान राहिलं नाही. खंदकाच्या तळाच्या चिखलात हवा पोचत नाही, म्हणून कातडं टिकतं, हे त्या नेहमी सांगायच्या. पण इतक्या वर्षांत त्यांच्या स्वतःच्या हाताला खिळे, खापरं, हाडं आणि एक गंजलेली कडी यापलीकडं काही लागलं नव्हतं. आणि ज्या वर्षी त्या गेल्या नाहीत, त्याच वर्षी हे.

"साध्या शिपायाला लग्न करायची परवानगी नव्हती," त्या मला मराठीत म्हणाल्या, नजर स्क्रीनवरच. "नियमाप्रमाणं इथं मूल नसायला पाहिजे." मग इंग्रजीत मॉरीनला म्हणाल्या, टाचेकडचा भाग दाखव. मॉरीननं दाखवला. "बाहेरच्या बाजूनं झिजलाय. पाय जरा फाकवून चालत असणार. तीन वर्षांचं असेल." मग ज्या मुलाला तो सापडला होता त्याला पुढं बोलवून त्यांनी त्याचं कौतुक केलं, बूट कोरडा पडू देऊ नका म्हणून बजावलं आणि फोन ठेवला.

मी पोह्यांची ताटली हातात धरून उभी होते. गार्गी म्हणाली, "काकू, आय ॲम सो सॉरी. तुझा चान्स होता तो."

"छे, चान्स कसला. सापडलं हे महत्त्वाचं."

"पण तुला कसं कळलं, तीन वर्षांचं ते?"

"अंदाज." काकू म्हणाल्या. "खरं म्हणजे मला ते माप माहीत नाही. दोन ते पाच, त्या वयातला तुझा पाय मी बघितलाच नाही. तुला बूट पाठवायचे तेव्हाही अंदाजानंच घ्यायचे. दुकानात कुणाच्या तरी मुलीकडं बघायचं, आपली एवढी असेल असं वाटायचं, घ्यायचे. कुणी भारतात निघालं की द्यायचे. पण सासूबाई फोनवर सांगायच्या, अगदी बरोबर बसले. तेवढं बरं वाटायचं."

गार्गी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती येऊन पलंगाच्या कडेला बसली.

"बसायचे नाहीत," ती म्हणाली.

"काय?"

"बूट. बसायचे नाहीत, काकू. दे वेअर ह्यूज. एकदा लाल होते, पट्टा असलेले. आजी पुढं कापूस भरायची. सगळ्या जोड्यांत. मी तसेच घालायचे, घरात पण. काढायला सांगितले की रडायचे."

काकू तिच्याकडं बघत राहिल्या. "मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"आजी म्हणायची, आईला सांगू नको. ती तिकडं एकटी आहे, ऐकलं तर रडत बसेल."

आजीच्या तोंडचा का होईना, 'आई' हा शब्द गार्गीकडून मी पहिल्यांदाच ऐकला होता. काकूंनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "पुढं भरायची की टाचेकडं?"

"पुढं."

"टाचेकडं नाही ना? टाचेकडं भरला असता तर चालताना पाय सुटला असता."

"नाही, पुढंच. आय रिमेंबर. मऊ लागायचा बोटांना." गार्गी हसली. "मला वाटायचं, अमेरिकन बूट असेच असतात."

मी पोहे टेबलावर ठेवले आणि ऑफिसचं निमित्त सांगून निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर त्या दोघी ओसरीत दिसल्या. उन्हाळ्यात चँडलरला चालायचं तर उन्हं वर यायच्या आत चालावं लागतं, आणि डॉक्टरांनी काकूंना रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं होतं. काकू खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी वॉकर. गार्गी खाली जमिनीवर मांडी घालून बसली होती. काकूंना वाकता येत नव्हतं, म्हणून ती त्यांच्या पायात बूट चढवत होती. तिनं मोजा टाचेशी ओढून सारखा केला, बूट सरकवला आणि नाडी बांधली.

"घट्ट होतोय का?"

"नाही, नाही. ठीक आहे."

गार्गीनं बुटाच्या टोकाशी अंगठ्यानं दाबून पाहिलं. मग वर बघितलं. "खरं सांग."

काकू जरा घुटमळल्या. "थोडा होतोय. सूज आहे ना अजून."

"मग सांगायचं ना, काकू," गार्गी म्हणाली आणि नाडी सोडून पुन्हा पहिल्यापासून बांधायला बसली.